नवा हाय-फ्लो कॅट दोन महिन्यांत का जळतो? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे टर्बो पेट्रोल गाडी घेतली की वर्षाच्या आत तिच्या एक्झॉस्टला हात लागतोच. आधी एअर फिल्टर, मग रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), मग कुणीतरी म्हणतं, "भो, कॅट बदलून टाक, गाडी मोकळी होईल." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला विषारी धूर साफ करणारा डबा; हाय-फ्लो म्हणजे धूर जास्त सहज जाऊ देणारा कॅट. बदला, हरकत नाही. फक्त आत काय आहे ते आधी समजून घ्या. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर दिलेली जाळी असते. कंपनीच्या कॅटला दर चौरस इंचाला साधारण ४०० ते ६०० सेल (जाळीची भोकं), हाय-फ्लोला बहुधा २०० ते ३००. सेल मोठे म्हणून धूर सहज सुटतो, पण थर दिलेला पृष्ठभाग कमी म्हणून चुका पोटात घालायची ताकदही कमी. कंपनीचा कॅट वर्षभर निमूट सोसतो ते हा दोन महिनेही सोसत नाही.

जुना कॅट कशाने गेला हे न बघता नवा बसवणं

सगळ्यात महाग चूक हीच. कॅट बसल्या बसल्या सहसा बिघडत नाही. वरून कच्चं पेट्रोल येतं, ऑइल जळून येतं किंवा कूलंट येतं, आणि तो जातो.

चाळीसगावच्या एका १.४ लिटर टर्बो हॅचबॅकचा किस्सा बघा. गाडी ३,००० आरपीएमच्या वर ओढेना. स्कॅनरवर दोन कोड: पी०४२० आणि पी०३०३. पहिला सांगतो की कॅट नीट काम करत नाही, दुसरा सांगतो की तिसरा सिलिंडर मिस मारतोय (मिसफायर), म्हणजे त्यात पेट्रोल नीट जळत नाही. मालकाने पहिला वाचला, दुसरा "जुना असेल" म्हणून पुसला आणि २०० सेलचा मेटल कॅट मागवून बसवला. चारेकशे किलोमीटर गाडी मस्त पळाली. मग एप्रिलची दुपार, चार माणसं, एसी फुल आणि कन्नडच्या घाटाची चढण. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. दिवा नुसता लागला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकतोय याचा अर्थ मिसफायरमुळे कॅट याच क्षणी भाजतोय. पाय काढायचा, बाजूला घ्यायची. इथे "वर पोचून बघू" झालं. वर पोचेपर्यंत कॅटची पत्र्याची जाळी मधोमध वितळून गोळा झाली होती. खाली आल्यावर पहिलं वाक्य: "नवा बी खराब निंघना!" (नवाही खराब निघाला!) माल परत पाठवायची तयारीही झाली.

माल चांगला होता. तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलला, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या भागाला, केसाएवढी चीर होती. गार असताना ठिणगी प्लगवर पडायची, तापली की चिरेतून बाहेर उडायची. मग न जळालेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही कॅटमध्ये शिरून तिथेच पेटायचे. कॅटचं नेहमीचं काम ४०० ते ८०० अंशांत चालतं. अशा वेळी तापमान हजाराच्या वर जातं. आधी थर मरतो, मग जाळी.

म्हणून नवा कॅट खोक्यातून काढण्याआधी एवढं करा. मिसफायरचा कोड असेल तर ती कॉइल पहिल्या सिलिंडरवर टाका, त्याची तिसऱ्यावर. कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेली. तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन या क्रमाने बघा. हे गाडी पूर्ण तापवून बघा, गार इंजिनवर सगळं गोड दिसतं. ऑइल कमी होत असेल तर आधी टर्बोचे सील आणि रिंग्ज; ऑइलमधला फॉस्फरस थरावर बसला की तो धुऊन निघत नाही.

कॅट खरंच तुंबलाय का, हेही मोजा. पुढचा, म्हणजे कॅटच्या आधीचा, ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावा. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २,५०० आरपीएमला तीनच्या आत असेल तर कॅट मोकळा आहे, दोष दुसरीकडे शोधा. जुना कॅट सिरॅमिकचा असेल आणि फुटला असेल तर त्याचे तुकडे मागच्या सायलेन्सरमध्ये जाऊन बसतात. मागचा पाइप उतरवून, उभा करून, रबरी हातोडीने ठोकून रिकामा करा. हे न करता "नव्या कॅटनेही पिकअप आला नाही" म्हणणारे कमी नाहीत.

एक जुनी खोडही सोडा: चालू इंजिनवर एकेका कॉइलचं कनेक्टर उपटून कोणता सिलिंडर मेला ते बघणं. कार्ब्युरेटरच्या काळातली ही रीत. आज तेवढा वेळ त्या सिलिंडरचं पेट्रोल थेट कॅटमध्ये जाऊ शकतं. उपटायचंच असेल तर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचंही कनेक्टर काढा. आणि मिस मारणारी गाडी धक्का मारून चालू करू नका.

सेन्सरच्या आधी लीक

दुसरी लाडकी चूक. लोकांना वाटतं, लीक म्हणजे थोडा आवाज, थोडा धूर, बाकी काय? खरी भानगड उलटी आहे. एक्झॉस्टमध्ये धूर धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, आणि त्या फटीतून हवा आत ओढली जाते. पुढच्या सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो वाढवत जातो. फटीचा आवाज काही होवो, मार शेवटी कॅटलाच बसतो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) अधिक दहाच्या वर चिकटला असेल आणि सकाळी गार इंजिनवर टिक-टिक ऐकू येऊन तापल्यावर बंद होत असेल, तर इंजेक्टर धुवायला निघू नका. आधी फ्लँज, म्हणजे पाइप जोडणाऱ्या चपट्या चकत्या, बघा.

शोधायची सोपी पद्धत: गाडी गार, इंजिन बंद. ब्लोअरने सायलेन्सरच्या टोकातून हवा आत सोडा, भोवती चिंध्या कोंबा, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे येतील तिथे लीक.

कारण बहुतेक वेळा जुनं पॅकिंग किंवा वाकलेला फ्लँज. दोन पॅकिंग एकावर एक घालणं हा उपाय नव्हे, वरचं महिन्याभरात फुंकलं जातं. फ्लँज जाड सपाट काचेवर ठेवून बघा. डुलत असेल तर काचेवर एमरी पेपर पसरून घासा. नवं पॅकिंग, नवे नट. जुने स्टड आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवा, सकाळी शिव्या कमी पडतात. नट आळीपाळीने, थोडे थोडे, टॉर्क रेंचने आवळा. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला, शेजारच्या गॅरेजमधला नको. आणि साधं सिलिकॉन फासू नका. त्याची वाफ जळून सेन्सरवर काचेसारखा थर बसतो आणि सेन्सर आंधळा होतो.

वेल्डिंग

आर्गननेच करून घ्या. सीओटू वेल्डिंगचे छर्रे आत पडले तर जाळीच्या तोंडावर बसतात. एस.एस. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल रॉड, एस.एस.ला साधं लोखंड जोडताना ३०९एल. आतूनही आर्गन सोडा, नाहीतर पाइपच्या आत साखरेसारखे काळे कण उठतात आणि जोड तिथूनच तडकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, अर्थ क्लँप वेल्डच्या जवळ लावा, सेन्सर बाहेर काढून ठेवा.

सेन्सरचा बंग (सेन्सर बसतो ती आट्यांची रिंग) वेल्ड करताना सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर राहील असा बसवा. पाइपच्या खालच्या बाजूला बसवला की सकाळी गार पाइपात धरणारं पाणी त्यात साचतं आणि गरम सिरॅमिक तडकतं. आटा १८ बाय १.५, पाना २२चा. अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) फक्त आट्यांवर, टोकाला बोटसुद्धा लावू नका. वायर तोकडी पडली तर सोल्डर करून लांबवू नका: बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा वायरच्या आतूनच मिळते. तयार एक्स्टेन्शन घ्या.

बाकीच्या, एकेका ओळीत

१.२ लिटरला तीन इंची कॅट: दोनशे बीएचपीपर्यंत अडीच इंच पुरतो, बाकी नुसता आवाज.

कॅटवरचा धुराची दिशा दाखवणारा बाण उलटा: पैसे देऊन बसवलेल्या कॅटवरही हे दिसतं.

सोयीसाठी कॅट मागे, फ्लोअरखाली सरकवणं: कॅटचं काम सुरू व्हायला २५० ते ३०० अंश लागतात, तिथपर्यंत तो उशिरा पोचतो आणि पी०४२० पाठ सोडत नाही.

मागच्या (कॅटनंतरच्या) सेन्सरला स्पेसर लावून धुरापासून दूर करणं किंवा रिमॅपमध्ये तो बंद करणं: कॅट वितळायला लागला की सांगणारं कुणी उरत नाही. घाई असलेल्यांचा हा आवडता उपाय, आणि नंतर रडणारेही तेच.

फ्लेक्स पाइप (लवचीक जाळीदार तुकडा) न बसवणं: आडवं इंजिन रेस दिली की डुलतं, मग वेल्ड फुटतो.

हीट शील्ड "खडखडतं" म्हणून फेकून देणं: शेजारी ड्राइव्ह शाफ्टचं रबर आणि वायरिंग असतं, आणि भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. शिवाय शेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर गाडी लावायची सवय इकडे सगळ्यांना. तापलेला कॅट त्या पेटवतो.

पहिल्याच दिवशी रेस: सिरॅमिक कॅटभोवतीची चटई पहिल्या तापात फुगून जाळीला पकडते. गाडी तापेपर्यंत आयडलला ठेवा, दोन मिनिटं २,५०० आरपीएम, मग पूर्ण गार होऊ द्या. गार झाल्यावर नट पुन्हा तपासा, शंभर किलोमीटरनंतर आणखी एकदा. सुरुवातीला थोडा धूर आणि वास येतो, तो हाताच्या तेलाचा. घाबरू नका.

पीयूसी शेवटी नव्हे, लगेच काढा. बीएस-४ पेट्रोलला आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळालेलं इंधन) २०० पीपीएम ही मर्यादा आहे. चांगला हाय-फ्लो त्यात बसतो, नाही बसला तर वरचं काहीतरी राहिलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बोट ठेवतं, हेही माहीत असू द्या.

उद्या मूळ कॅट परत लावायची वेळ येऊ शकते, म्हणून जुना कॅट चालू असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, तो किती का गोड बोलेना. त्याला आतल्या धातूचा भाव माहीत असतो. दोन्ही तोंडं कापडाने बांधून माळ्यावर ठेवा, जुने नट आणि हीट शील्डही त्याच पिशवीत.