देहाचं काय करायचं, ते इंजेक्शनच्या आधी ठरवा

पाळीव प्राण्याच्या दयामरणासाठी पशुवैद्य बहुतेक वेळा पेंटोबार्बिटल वापरतात. मोठ्या मात्रेत दिलं की आधी शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, शेवटी हृदय. प्राण्याला त्रास होत नाही. पण हे औषध प्राणाबरोबर जात नाही. ते रक्तात, यकृतात, मांसात तसंच राहतं आणि मातीत एक वर्षाहूनही जास्त काळ सापडू शकतं. उघड्यावर टाकलेला किंवा उथळ पुरलेला असा देह उकरून खाणारी कुत्री, गिधाडं, गरुड विषबाधेने मरतात. म्हणून दहन की दफन, देह कोण नेणार, कधी नेणार, हे सगळं आधीच पक्कं करून ठेवा. त्या घटकेला डोकं चालत नाही.

वेळ आली आहे का, हे ठरवायला पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी कामाला येते. वेदना (श्वासाचा त्रासही यातच येतो), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना 0 ते 10 गुण द्यायचे. 10 म्हणजे उत्तम. बेरीज 35 च्या वर असेल तर जगणं अजून सुसह्य आहे. एका दिवसाच्या गुणांवर निर्णय घेऊ नका. आठवडाभर रोज एकाच वेळी लिहा. वेदनेचे आणि त्यातल्या श्वासाचे गुण मात्र सगळ्यांत जड धरा. धाप लागलेल्या प्राण्याची बेरीज कितीही भरली तरी निर्णय लांबवू नये.

डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा: आधी गुंगीचं इंजेक्शन द्या आणि शिरेत कॅन्युला, म्हणजे औषध देण्याची बारीक नळी, लावा. म्हाताऱ्या, पाणी कमी झालेल्या प्राण्याच्या शिरा नाजूक असतात. थेट सुईने देताना औषध शिरेबाहेर गेलं तर आग होते आणि परिणामही लांबतो. प्राण्याच्या खाली प्लास्टिकचा कागद आणि त्यावर शोषक पॅड अंथरा, कारण स्नायू सैल पडले की लघवी आणि शी होते. डोळे उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही एखाद-दोन आचके येऊ शकतात. ती जाग नव्हे, स्नायूंची हालचाल असते. स्टेथोस्कोपने ठोके थांबल्याची खात्री डॉक्टरांनी करेपर्यंत देह हलवू नका.

पुढचे काही तास महत्त्वाचे. देह साधारण दोन-तीन तासांत ताठरू लागतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. म्हणून तासाभरातच पाय पोटाशी घ्या, झोपल्यासारखं वळवा आणि डोकं किंचित उंच ठेवा, म्हणजे तोंडा-नाकातून पाणी येत नाही. हातमोजे घाला. घरातल्या इतर प्राण्यांना वास घेऊ द्या, त्यांनाही कळू द्या. पण सुईची जागा, रक्त किंवा लघवी चाटू देऊ नका. देह लगेच न्यायचा नसेल तर थंड जागी ठेवून पोटाशी बर्फाच्या पिशव्या लावा. एका दिवसाहून जास्त थांबायचं असेल तर शीतगृह हवं. शवविच्छेदन करायचं असेल तर देह गोठवू नका. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटतात आणि निदान बिघडतं. रेबीजची शंका असेल तर देहाला हातच लावू नका, आधी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा.

विल्हेवाटीसाठी दहन सर्वांत सुरक्षित, कारण तीव्र उष्णतेत पेंटोबार्बिटल नष्ट होतं. दहनाआधी पट्टा, बिल्ला, कपडे काढा. पेसमेकर असेल तर नक्की सांगा, भट्टीत त्याचा स्फोट होतो. राख परत हवी असेल तर ‘एकट्याचं दहन’ असं लेखी घ्या. सामुदायिक दहनात राख वेगळी करता येत नाही. परत मिळालेली राख थेट झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. तिच्यात क्षार फार असतात, त्याने मुळं जळतात. भरपूर मातीत मिसळून पसरा.

दफन करायचं तर आधी स्थानिक नियम बघा, कारण काही ठिकाणी मनाई असते. देहावर किमान एक मीटर माती यायला हवी. मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी खड्डा सव्वा ते दीड मीटर खोल लागतो. विहीर, ओढा, बोअर यांपासून दूर जागा निवडा. खड्ड्यात पाणी झिरपत असेल तर ती जागा सोडा. देह सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. त्यात तो मातीत मिसळत नाही, नुसता सडून राहतो. चुना टाकल्याने लवकर कुजतो ही समजूत चुकीची आहे, उलट प्रक्रिया मंदावते. माती दाबून भरा आणि वर जड दगड ठेवा. हे औषध दिलेल्या देहाचं कंपोस्ट करू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला खाऊ घालू नका.

राहिलेली औषधं संडासात ओतू नका, दवाखान्यात परत द्या. प्राण्याच्या अंगावर फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाचा पॅच असेल तर हातमोजे घालून काढा, चिकट बाजू आत येईल असा दुमडा आणि तोही दवाखान्यातच द्या. वापरलेल्या पॅचमध्येही लहान मुलाला धोका होईल इतकं औषध उरलेलं असतं.