टीएसएसच्या ट्रान्सफॉर्मरची फेरी कशी मारावी

रेल्वेच्या टीआरडीत, म्हणजे गाड्यांचा वीजपुरवठा सांभाळणाऱ्या विभागात, नव्याने लागलेली मुलं टीएसएसवर, म्हणजे गाड्यांना वीज देणाऱ्या उपकेंद्रावर, आली की आधी बिघाड ओळखणाऱ्या रिलेंच्या पॅनेलपाशी जाऊन उभी राहतात. तिथे दिवे लागतात, ब्रेकर धाडकन पडतो, टीपीसीचा, म्हणजे वीजपुरवठा नियंत्रकाचा, फोन खणखणतो. यार्डातला ट्रान्सफॉर्मर मात्र गप्प उभा असतो, म्हणून त्याच्याभोवतीची फेरी पाच मिनिटांत उरकली जाते. भुसावळ मंडळात मी इगतपुरीचा पाऊस आणि भुसावळचा मे महिना दोन्हींत हे काम केलं आहे. ब्रेकर बिघडला तर बदलता येतो, पण ट्रान्सफॉर्मर जळाला तर नवा उभा राहायला महिने जातात. बिघडण्याआधी तो बहुतेक वेळा बरंच काही सांगत असतो. ते कसं टिपायचं हे मी नव्या मुलामुलींना जसं शिकवते तसंच इथे लिहिते आहे.

आधी यंत्र काय करतं ते डोक्यात पक्कं असू द्या. महापारेषणच्या १३२ किंवा २२० केव्ही (हजार व्होल्ट) लाइनच्या तीन फेजांपैकी दोनच फेज आपण घेतो आणि २७ केव्हीचा एकफेजी पुरवठा तयार करतो. दुय्यम गुंडाळीचं, म्हणजे कमी दाबाच्या बाजूच्या वेटोळ्याचं, एक टोक ओएचईला, म्हणजे रुळांवरच्या वीजतारेला, जातं, दुसरं यार्डात पुरलेल्या रुळाला, म्हणजे बरीड रेलला, आणि तिथून गाडीच्या रुळांना. तारेवर नाममात्र २५ केव्ही मिळतात. लांबच्या टोकाला, भरगच्च लोडवरही ते १९ केव्हीच्या खाली जाऊ नयेत असा नियम आहे. शेजारच्या टीएसएसची फेज वेगळी, म्हणून मधे न्यूट्रल सेक्शन, म्हणजे तारेचा वीज नसलेला तुकडा, असतो.

आपल्याकडचा नेहमीचा ट्रान्सफॉर्मर २१.६ एमव्हीए क्षमतेचा. २७ केव्हीने भागा, ८०० अँपिअर येतात. आता १२,००० अश्वशक्तीचं एकच डब्ल्यूएजी-१२ इंजिन पूर्ण ताकदीने ओढायला लागलं की जवळजवळ ४०० अँपिअर घेतं. म्हणजे एका मालगाडीने निम्मा ट्रान्सफॉर्मर अडवला. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत चढ ३७ला १ आहे, मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावून गाड्या वर येतात. तिथे अँपिअरचा काटा कसा नाचतो ते एकदा उभं राहून बघाच. गावच्या वीजकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या चालीने तापतो. आपल्याकडे लोड एका क्षणी शून्य असतं, तर दुसऱ्या क्षणी क्षमतेच्या वर. म्हणून या ट्रान्सफॉर्मरना दीडपट लोड १५ मिनिटं आणि दुप्पट लोड ५ मिनिटं सोसण्यासाठी बनवलेलं असतं.

त्याहून मोठा मार शॉर्टसर्किटचा. ओएचईवर फांदी पडते, माकड उडी मारतं, पक्षी इन्सुलेटरवर काडी टाकतो, आणि दर वेळी तो फॉल्ट ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून जातो. ब्रेकर क्षणार्धात पडतो खरा, पण तेवढ्यात गुंडाळीला हिसका बसलेला असतो, आणि त्याचं बळ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. फॉल्ट टीएसएसच्या जितका जवळ, तितका प्रवाह जास्त. म्हणून फीडर (ओएचईला वीज देणारी लाइन) ट्रिप झाला की रिलेने दाखवलेलं किलोमीटरचं अंतर आणि फॉल्टचा प्रवाह ओएचईच्या लोकांना सांगून विसरू नका, ट्रान्सफॉर्मरच्या रजिस्टरमध्येही लिहा. पाच किलोमीटरच्या आतल्या फॉल्टखाली मी लाल रेघ मारते. वर्षभरात लाल रेघा वाढल्या, तर पुढच्या शटडाउनमध्ये गुंडाळीच्या तपासण्या आग्रहाने मागून घ्यायच्या.

आता फेरी. टीपीसीला कळवल्याशिवाय यार्डाचं फाटक उघडायचं नाही. हेल्मेट आणि बूट तर हवेतच. इगतपुरीला जुलैत उभा पाऊस असतो आणि माणूस सवयीने छत्री उघडून चालू लागतो. यार्डात छत्री कदापि नको, रेनकोट घाला. शिडी, लोखंडी टेप, लांब पाइप यांपैकी काहीही उभं धरून न्यायचं नाही. जिवंत २५ केव्ही भागापासून किमान २ मीटर, १३२च्या बाजूला त्याहून जास्त. खाली लिहिलेलं सगळं जमिनीवर उभं राहून दिसतं. चढावं लागलं तर ते फेरीचं काम राहिलं नाही, परमिटचं, म्हणजे वीज बंद करून लेखी परवानगीने करायचं झालं.

सुरुवात कानाने करा. रोज एकाच जागी उभं राहायचं, तीच बाजू, तेवढंच अंतर. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण सेकंदाला १०० कंपनांची असते आणि लोड आलं की किंचित जड होते. महिनाभर ऐकलंत की ती कानात बसते. मग एखाद्या दिवशी त्यात खडखड मिसळली तर आधी पंख्याची जाळी, पाइपचे क्लँप, नेमप्लेट असं बाहेरचं काही सुटलंय का बघा. बाहेर सगळं घट्ट असूनही आवाज बदललेला असेल आणि आदल्या दिवशी जवळचा फॉल्ट झालेला असेल, तर तो निरोप त्याच दिवशी वर गेला पाहिजे. पावसात बुशिंगवर (तार टाकीत शिरते तिथल्या इन्सुलेटरवर) थोडी सर्रसर्र होते. कोरड्या हवेत ती ऐकू आली तर बुशिंगवर काजळी बसली आहे किंवा जोड सैल आहे.

मग तेल. कॉन्झर्व्हेटरच्या, म्हणजे वरच्या जादा तेलाच्या टाकीच्या, तेलमापकाचा काटा नुसता 'ठीक' म्हणून लिहू नका. भुसावळला मे महिन्यात सकाळी काटा जिथे असतो, त्याच्यापेक्षा दुपारी तीनला वर असायलाच हवा, कारण तेल फुगतं. कडक उन्हात, भर लोडवरही काटा सलग काही दिवस जागचा हलत नसेल तर मला त्याचीच जास्त काळजी वाटते. बहुधा फ्लोट अडकलेला असतो आणि खरी पातळी कुणालाच माहीत नसते. बुशिंगच्या काचेतली तेलाची पातळी वेगळी बघायची, टाकीच्या तेलाशी तिचा संबंध नाही. तिथे पातळी उतरली तर वाट बघत बसू नका.

गळती दिसली तर पुसा आणि खडूने रेघ ओढून तारीख घाला. दुसऱ्या दिवशी तेल रेघेच्या किती खाली आलं ते दिसतं. 'थोडी गळती आहे' या शेऱ्याने कुणाचंच भलं होत नाही.

ब्रीदरपाशी मात्र थांबा. ट्रान्सफॉर्मर याच्यातून श्वास घेतो: लोड उतरलं, तेल आकसलं की बाहेरची हवा आत ओढली जाते. ती खालच्या कपातल्या तेलातून बुडबुडत येते आणि मग सिलिका जेलमधून कोरडी होऊन वर जाते. जेल कोरडं असताना निळं, ओलावा प्यायलं की गुलाबी. नव्या प्रकारचं जेल नारिंगीचं हिरवं होतं. रंग बदलायला सुरुवात खालून झाली पाहिजे, कारण हवा खालून येते. वरचा थर आधी गुलाबी झाला असेल तर वरच्या जोडातून हवा शिरते आहे. अशा वेळी जेल बदलून काही होणार नाही, गॅस्केट बदला. कपात तेल खुणेपर्यंत हवं. मालगाडी पुढे गेली, लोड एकदम उतरलं की थोडा वेळ कपाकडे बघत उभं राहा. बुडबुडे दिसले तर वाट मोकळी आहे. कधीच दिसत नसतील तर कुठेतरी वाट बुजली आहे किंवा हवा दुसरीकडून जाते आहे. नवा ब्रीदर बसवताना त्याचं वाहतुकीचं झाकण काढलं ना, हे दोघांनी तपासा. इगतपुरीला पावसाळ्यात जेल बघता बघता रंग बदलतं, म्हणून मेअखेरीस सुकं जेल बंद डब्यात भरून ठेवा. निळं जेल सुमारे १५० अंशांवर भाजलं की पुन्हा वापरता येतं, पण तेलाने माखलेलं जेल फेकून द्या.

तापमानाच्या दोन डायल असतात, एक तेलाची आणि एक गुंडाळीची. दुसरी डायल गुंडाळीचं तापमान थेट मोजत नाही. सीटीतून (प्रवाह मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून) येणारा प्रवाह एका छोट्या हीटरला देतात आणि तेलाच्या तापमानात तेवढी भर घालून ती अंदाज दाखवते. म्हणून लोड असताना गुंडाळीचा काटा तेलाच्या काट्याच्या पुढे असलाच पाहिजे. भर लोडवर दोन्ही सारखेच दिसले तर ट्रान्सफॉर्मर थंड आहे म्हणून खूश होऊ नका. हीटरचं सर्किट तुटलं असेल, म्हणजे गुंडाळी तापली तरी अलार्म वेळेवर येणार नाही. रीडिंग लिहिताना वेळ, त्या क्षणाचे अँपिअर आणि हवेचं तापमान शेजारी लिहा. नुसतं '६२ अंश' निरर्थक आहे. ४५ अंशांच्या उन्हात ६२ आणि डिसेंबरच्या पहाटे ६२ यांत फार अंतर आहे.

इन्फ्रारेड गन असेल तर रेडिएटर एकेक करून बघा. एका टीएसएसवर तेल गाळण्याचं काम झाल्यावर तापमान नेहमीपेक्षा काही अंशांनी वरच राहू लागलं. लोड तेवढंच, पंखे चालू. गन फिरवली तेव्हा एक रेडिएटर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गार निघाला. काम करणाऱ्यांनी त्याची झडप बंद केली होती आणि उघडायची राहिली होती. डायलवर यातलं काही अलार्मच्या जवळपासही गेलं नव्हतं. मागच्या पानावरचं रीडिंग शेजारी ठेवल्यामुळेच ते सापडलं.

पंखे हाताने चालू करून पाहा. मार्शलिंग बॉक्स, म्हणजे नियंत्रणाच्या तारा जोडायची पेटी, उघडला की आधी नाकाने काम घ्या, जळकट वास लगेच कळतो. केबलच्या भोकांना सील नसेल तर पाली, मुंग्या, गांधीलमाश्या घर करतात, आणि पालीमुळे झालेला ट्रिप शोधताना रात्र जाते. आतला हीटर पावसाळ्याआधी तपासा.

बुखोल्झ रिलेच्या, म्हणजे टाकी आणि कॉन्झर्व्हेटरच्या मधल्या, वायू टिपणाऱ्या उपकरणाच्या, काचेत तेल काठोकाठ दिसलं पाहिजे. वर वायूची पोकळी दिसली तर पातळी लिहा आणि कळवा. हा रिले दोन पायऱ्यांनी बोलतो. हळूहळू वायू साठला तर अलार्म देतो, आत मोठी ठिणगी पडून तेल उसळलं तर थेट ट्रिप. तेल गाळल्यानंतर उरलेल्या हवेनेही अलार्म येतो, हे खरं. पण ती हवाच आहे हे ठरवायचं काम प्रयोगशाळेचं. कॉक उघडून काडी लावून वायू जळतो का ते बघायची जुनी पद्धत अजून कुठे कुठे सांगतात, ती करू नका. नमुना घ्या, पाठवा. आणि बुखोल्झवर ट्रिप झालेला ट्रान्सफॉर्मर 'एकदा चार्ज करून बघू' म्हणून पुन्हा कधीही चार्ज करायचा नाही, गाड्या कितीही खोळंबलेल्या असोत. शेजारी दुसरा ट्रान्सफॉर्मर उभा असतो, तोही नसेल तर टीपीसी शेजारच्या टीएसएसकडून एक्स्टेंडेड फीड, म्हणजे तिथून लांबवलेला पुरवठा, देऊ शकतो.

बरीड रेलचे जोड डोळ्यांनी बघा: गंज, सैल बोल्ट, चोरीला गेलेली पट्टी. गाडीने घेतलेला सगळा प्रवाह याच वाटेने परत येतो. जोड सुटलेला दिसला तर हात लावू नका, कारण तुटलेल्या दोन टोकांमध्ये विजेचा जीवघेणा दाब असू शकतो. लांब राहून टीपीसीला कळवा.

तेलाचा नमुना घेणं हे फेरीबाहेरचं काम, पण निम्मे चुकीचे अहवाल इथेच जन्मतात. कोरडा दिवस निवडा. खालच्या झडपेचं तोंड पुसा, सुरुवातीचं तेल वाहू द्या, बाटली त्याच तेलाने विसळा आणि मगच भरा. विरघळलेल्या वायूंच्या चाचणीसाठी काचेची सिरिंज वापरतात, तिच्यात हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. बीडीव्हीला, म्हणजे तेल विजेचा किती दाब सोसतं त्या चाचणीला, कपात २.५ मिलिमीटरचं अंतर ठेवतात, भरल्यावर पाच मिनिटं तेल शांत होऊ देतात, आणि सहा वेळा घेतलेल्या आकड्यांची सरासरी काढतात. वापरातल्या १३२ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरला ती ४० केव्हीच्या खाली नको. वायूंच्या अहवालात आधी अ‍ॅसिटिलीन बघा, तो आत ठिणग्या पडत असल्याची खूण. एथिलीन वाढला तर तेल कुठेतरी जास्त तापतंय, कार्बन मोनॉक्साइड वाढला तर कागदाचं इन्सुलेशन. एका अहवालावरून घाबरू नका आणि एका अहवालावरून निश्चिंतही होऊ नका; मागचे तीन शेजारी मांडा.

शटडाउन घेतलंत तर क्रम मोडायचा नाही. लोड दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, मग २५ केव्हीचा ब्रेकर, मग १३२चा, मग दोन्हीकडचे आयसोलेटर (लाइन वेगळी करणारे स्विच) उघडून कुलूप. टीपीसीशी प्रायव्हेट नंबरची (निरोपाची खात्री पटवणाऱ्या गुप्त आकड्यांची) देवाणघेवाण, हातात लेखी परमिट. डिस्चार्ज रॉडचं, म्हणजे तारेला अर्थ करायच्या दांड्याचं, अर्थचं टोक आधी लावायचं, तारेचं नंतर, काढताना उलट. रॉड दोन्ही बाजूंना हवेत, कारण २५ केव्हीच्या बाजूने पुरवठा उलटा आला तर हाच ट्रान्सफॉर्मर दाब चढवून पलीकडे १३२ उभे करतो.

फेरी झाली की रजिस्टर यार्डातच उभं राहून भरा, खोलीत येऊन आठवून नको. बंद असलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या रकान्यातही तेलाची पातळी, जेलचा रंग, गळती हे सगळं लिहायचं. आज रात्री चालू ट्रान्सफॉर्मर पडला तर टीपीसी या बंद ट्रान्सफॉर्मरलाच चार्ज करायला सांगणार आहे.