जुनी बास गिटार घेताना आधी कान, मग स्क्रूड्रायव्हर

जुनी इलेक्ट्रिक बास बघायला जाताना ट्यूनर, फुलीचा स्क्रूड्रायव्हर, छोटा टॉर्च आणि स्वतःची केबल न्यावी. केबल विकणाऱ्याची नको. खरखर आली, तर ती केबलची की जॅकची यातच अर्धा तास जातो.

हेडस्टॉकवरचं, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावरचं नाव वाचायचं आणि थोडा वेळ विसरायचं. नाव मोठं दिसलं की आपला कान फार उदार होतो.

पहिल्यांदा अ‍ॅम्पला न जोडताच वाजवा. ई, ए, डी, जी या चारही तारा सुरात लावा आणि प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी), एकही न गाळता, सावकाश छेडत जा. बॉडी पोटाला टेकलेली असते, त्यामुळे चांगल्या बासचा कंप पोटातही कळतो. एकाच ठिकाणी झणझण आली तर शेजारचा पुढचा फ्रेट वर आलेला असतो. पहिल्या तीन-चार फ्रेटवर सगळीकडे झणझण असेल, तर नेक, म्हणजे गिटारची मान, फार सरळ किंवा उलटी वाकलेली असू शकते. खात्री करायला ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट फार असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकचा वाक कमीजास्त करणारी आतली सळई, फिरतो का ते विचारा. तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर मी ती बास सोडून देतो.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर उठतो आणि लगेच विझतो. ही जागा स्क्रूने जोडलेल्या नेकच्या चांगल्या चांगल्या बासमध्येही सापडते, म्हणून घाबरू नका. पण शेजारचा सूर सहा सेकंद टिकतो आणि हा दोनच, असं असेल तर रोज वाजवताना ते टोचत राहील.

आता अ‍ॅम्प. त्याचे टोन मध्यावर ठेवा आणि बासची प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. फिरवताना होणारी खरखर बहुधा धुळीची असते आणि क्लीनरने जाते; आवाज मध्येच तुटत असेल तर पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरणारा विजेचा भाग, बदलावा लागेल. जॅकमध्ये केबल हलवून बघा. मग पिकअपच्या (तारांचा कंप टिपणारा तारांखालचा भाग) प्रत्येक चुंबकावर स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवा. टकटक ऐकू आली तर तो पिकअप जिवंत आहे.

फेंडर कंपनीच्या जॅझ बाससारख्या दोन पिकअपच्या बासमध्ये एकच चालू असताना गुणगुण येणं साहजिक आहे. पिकअप उलट गुंडाळीच्या जोडीतले असतील, तर दोन्ही पूर्ण उघडल्यावर गुणगुण जवळपास जायला हवी. दोन्ही उघडल्यावर खर्ज गायब होऊन आवाज नाकातून आल्यासारखा पातळ झाला, तर कुणीतरी पिकअप बदलताना किंवा वायरिंग करताना तारा उलट जोडल्या आहेत. पाणी कुठे मुरतंय ते इथे कळतं. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली बास असेल तर हे सगळं नवी ९ व्होल्टची बॅटरी घालूनच करा.

आवाज पटला की अस्सलपणा. फेंडरच्या जुन्या बासचं उदाहरण घेऊ. त्यांची प्रिसिजन बास १९५१ मध्ये आली, जॅझ बास १९६० मध्ये, आणि १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे गेली. त्याआधीच्या वाद्यांना भाव जास्त, म्हणून साल मागे ढकलण्याचा मोह विकणाऱ्यांना होतो. सिरियल नंबर सुमारे १९७६ पर्यंत बॉडीच्या मागे नेक प्लेटवर असायचा. ती प्लेट चार स्क्रूंनी बसते, म्हणजे चार स्क्रूंनी निघते आणि दुसऱ्या गिटारवर जाते. त्यामुळे तिचा नंबर एकटा काहीच सिद्ध करत नाही. पॉटच्या पाठीवरचा आकडा बघा. १३७ ने सुरुवात असेल तर सीटीएस या कंपनीने बनवलेला पॉट. त्यापुढचे ६६२३ म्हणजे १९६६ चा तेविसावा आठवडा. पॉट बासपेक्षा जुना असू शकतो, पण नंतरचा असेल तर तो बदललेला आहे, नाहीतर सांगितलेलं साल खोटं आहे. मला एकाने १९६६ ची म्हणून बास दाखवली. झाकण उघडलं तर पॉटवर १३७७२१४. त्या माणसालाही हे ठाऊक नव्हतं, एवढं मात्र त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

पिकगार्डखाली रंग वेगळा आहे का, ब्रिजजवळ बुजवलेली भोकं आहेत का, सोल्डर एकाच जागी नव्यासारखा चकाकतो का, हेही बघून घ्या. खुंट्या किंवा ब्रिज बदललेला असला तर वाजवायला काही फरक पडत नाही, फक्त भाव उतरतो. रंग नव्याने दिलेला असेल तर तो बराच उतरतो.

नेकच्या टाचेवरची, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावरची तारीख बघायची असेल तर मालकाला विचारूनच नेक काढा, आणि आधी तारा सैल करा. परत बसवताना प्रत्येक स्क्रू हाताने थोडा उलटा फिरवा. ‘टक’ करून तो जुन्या आट्यांत बसला की मगच आवळायला घ्या, नाहीतर लाकडातले आटे जातात आणि ते बिल तुमचं.