मांडवीवरचं पॅकेज घेण्याआधी

पणजीला मांडवी नदीतल्या कसिनो बोटीचं तिकीट जेट्टीवर काढण्याआधी मी काउंटरवर एकच गोष्ट खोदून विचारते: प्रवेश, जेवण, पेयं नि चिप्स (जुगारात पैशांऐवजी लावायच्या चकत्या) अशा पॅकेजमधल्या चिप्सपैकी ओटीपी किती? ओटीपी म्हणजे एकदाच खेळायची चिप, तिचे थेट पैसे मिळत नाहीत. जिंकल्यावर ती परत देतात की काढून घेतात, हेही विचारा. काढून घेत असतील तर एकच शून्य असलेल्या रूलेटवर (३७ घरांचं फिरतं चाक, त्यात १८ लाल, १८ काळी), लाल किंवा काळ्यावर लावलेल्या १००० च्या ओटीपीची सरासरी किंमत जेमतेम ४८६ रुपये. म्हणून मी पॅकेजच्या दरातून रोख होणाऱ्या चिप्सची पूर्ण, पण ओटीपीची निम्मीच रक्कम वजा करते. उरलं ते बुफे नि पेयांचं बिल. तेवढ्यात पणजीत चौघांचं मस्त मासळीचं ताट होत असेल, तर बोट सोडून द्यावी. वय २१ पूर्ण हवं. ओळखपत्र जवळ ठेवा.