मोबाईलला थेट लॅन केबल जोडा

राउटर हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल सारखा अडकतोय? लॅनची वायर आतपर्यंत आलेली असेल तर ती मोबाईललाही जोडता येते. त्यासाठी 'यूएसबी-सी टू इथरनेट' अडॅप्टर लागतो. एका टोकाला टाइप-सी पिन, दुसऱ्या टोकाला लॅनचं चौकोनी भोक. आयफोन १५ पासून पुढच्या फोनलाही हाच चालतो.

अँड्रॉइड फोनमध्ये ओटीजीची, म्हणजे फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण जोडता येण्याची, सोय हवी. काही फोनमध्ये ती सेटिंगमधून चालू करावी लागते आणि थोडा वेळ वापरली नाही की आपोआप बंद होते. अडॅप्टर बिघडलाय म्हणून परत करण्याआधी हे एकदा बघाच. बाकी जोडणीत काही विशेष नाही. वायर लावली की वरच्या पट्टीत <··> अशी खूण दिसते. खात्री करायची तर वायफाय आणि मोबाईल डेटा बंद करून एखादं पान उघडा.

वेगाचं गणित मात्र खरेदीआधी समजून घ्या. स्वस्तातले बरेच अडॅप्टर १०० एमबीपीएसचेच असतात. गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, घेतला तरी फोनचं पोर्ट यूएसबी २.० असेल तर ४८० एमबीपीएसच्या पुढे जाता येत नाही, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतं. कॉलसाठी १०० सुद्धा भरपूर झाले. जास्तीचे पैसे घालायचेच तर चार्जिंगचं पोर्ट असलेल्या, म्हणजे 'पीडी'वाल्या अडॅप्टरवर घाला. नाहीतर लांबलेल्या मीटिंगमध्ये बॅटरी संपत येते आणि चार्जर लावायला जागाच उरत नाही.