मोटरहोममध्ये जास्तीचे सीट बेल्ट कसे बसवावेत

आई-बाबा पुण्याहून तीन महिने राहायला येणार म्हटल्यावर आमची इंग्लंडमधली जुनी मोटरहोम एकाएकी लहान वाटायला लागली. झोपायची सोय सहा जणांची, बेल्ट मात्र चारच. इकडे ऑक्टोबर २००७ च्या आधीच्या गाड्यांत हे नेहमीचंच. बेल्टचा पट्टा काय, कुठेही मिळतो. खरं काम तो कशाला बांधायचा, हे ठरवण्याचं.

१. आधी वजनकाटा. पाण्याची टाकी, डिझेल, गॅस सगळं भरून गाडी काट्यावर न्या. साध्या कार लायसन्सवर चालणाऱ्या बहुतेक मोटरहोमची मर्यादा ३,५०० किलो. दोन माणसं म्हणजे दीडशे किलो धरा, वर त्यांच्या बॅगा. मागच्या ॲक्सलचा आकडा वेगळा तपासा, नवे प्रवासी बहुधा तिथेच बसणार. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. आम्ही शेवटी अर्ध्या टाकीवर निघायचं ठरवलं. वजन बसतच नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

२. जागा निवडा. तोंड पुढे किंवा मागे असलेलीच जागा घ्या. आडव्या सोफ्याला बेल्ट लावू नका. धडक बसली की कंबर जागीच राहते आणि वरचं अंग कडेला फेकलं जातं. उलट्या तोंडाची जागा चालते, पण बाबांनी ‘मला मळमळतं’ म्हणून ती साफ नाकारली. बसणाऱ्याला आधीच विचारा.

३. गादी उचलून बघा. आमच्या बाकाखाली निघाली प्लायवूडची पेटी, चार लाकडी स्क्रूंवर उभी. तिला बेल्ट लावणं म्हणजे कच्च्या खुंटीला बैल बांधणं. संयुक्त राष्ट्रांच्या नियम १४ नुसार कारच्या वर्गातल्या वाहनात तीन बिंदूंच्या बेल्टची चाचणी घेताना खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यांवर एकाच वेळी प्रत्येकी १३,५०० न्यूटनची ओढ देतात. दोन्ही मिळून जवळपास पावणेतीन टन! म्हणून पेटी काढून त्या जागी चाचणी झालेली पोलादी फ्रेम घ्या, खांद्याच्या उंचीपर्यंत आधार असलेली. घरी वेल्डिंग केलेली फ्रेम कितीही दणकट दिसली तरी नको.

४. गाडीखाली जा. भोक पाडण्याआधी वरची प्रत्येक जागा खालून मोजून घ्या. डिझेलची टाकी, गॅसची नळी, ब्रेकचे पाइप, वायरी, काहीही आडवं येऊ शकतं. अल-को कंपनीची गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) चासी असेल तर उत्पादकाला विचारल्याशिवाय तिला ड्रिल किंवा वेल्डिंग लावू नका. जमिनीचा पत्रा पातळ असतो, नुसता वॉशर त्यातून उपटून येईल. खालून जाड पोलादी पट्टी लागतेच. भोकाच्या कडांना गंजरोधक रंग लावा.

इथवरची मोजमापं आणि उचकाउचक मी केली. फ्रेम बसवायचं काम मात्र वर्कशॉपला दिलं आणि त्यांच्याकडून लेखी दाखला घेतला. तुम्हीही तेच करा असं मी म्हणेन.

५. बोल्ट आणि रीळ. सीट बेल्टचा बोल्ट सहसा ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा असतो. डब्यात सापडलेला १२ मिलिमीटरचा बोल्ट त्याच्या जागी ठोकू नका. रीळ, म्हणजे पट्टा गुंडाळून घेणारा भाग, कुठल्या कोनात बसवायचं ते त्यावर किंवा सोबतच्या कागदावर दिलेलं असतं. मी ते हातात धरून जरा कलतं केलं, तर ‘टक्’ करून अडकलं, पट्टा बोटभरही बाहेर येईना. आत झुकाव ओळखणारी यंत्रणा असते. वाकडं बसवलं तर दर वेळी बेल्ट ओढायला झटापट.

६. बसून बघा. पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर यायला हवा. खांद्याचा भाग मानेला घासता कामा नये. बक्कल गादीत बुडत असेल तर गादी कापा.

७. कागद. आसनसंख्या बदलली की लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, डीव्हीएलएकडे (ब्रिटनचं वाहन नोंदणी खातं) पाठवून दुरुस्त करून घ्यावं लागतं. विमा कंपनीलाही कळवा. एमओटीच्या (गाडीच्या वार्षिक) तपासणीत हे नवे बेल्टही पाहिले जातात.

मुलांना नव्या जागेवर बसवणार असाल तर फ्रेम मागवण्याआधीच ठरवा. ब्रिटनमध्ये १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, यांतलं जे आधी होईल तोवर मुलांना त्यांची वेगळी सीट लागते, आणि बूस्टरला (मुलाला उंच बसवणारी गादी) नुसता कमरेचा पट्टा चालत नाही.