सायटिका आणि हट्टी कंबरदुखी: पायातली कळ वर कशी आणायची

कंबर धरली की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: पट्टा बांधू का, आणि एमआरआय काढू का? दोन्ही थोडे थांबू शकतात. आधी पाहायचं ते एवढंच, की दुखणं खाली कुठपर्यंत जातं.

कमरेत किंवा फार तर नितंबापर्यंत राहणारं दुखणं ही बहुतेक वेळा साधी कंबरदुखी असते. कळ गुडघ्याखाली पोटरीत, घोट्यात, बोटांपर्यंत करंट लागल्यासारखी जात असेल, सोबत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर ती बहुधा सायटिका. कमरेचे शेवटचे दोन मणके आणि त्याखालचं त्रिकास्थी हे तिकोनी हाड यांच्यामधून निघणारी नसांची मुळं एकत्र येऊन सायटिक नस बनते. ही शरीरातली सर्वांत जाड नस. मणक्यांमधली गादी फुगून किंवा फाटून मुळावर आली की ते मूळ दबतं, सुजतं आणि दुखतं मात्र पोटरीत. म्हणून पोटरी कितीही चोळली तरी उपयोग होत नाही.

पहिली पायरी: थांबायचं नाही अशी लक्षणं

जांघेत आणि बसायच्या जागेभोवती बधिरपणा, लघवी अडणं किंवा ती झाल्याचं न कळणं, शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं. यातलं एकही लक्षण दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रात्र असेल तर रात्रीच. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा सगळा जुडगा दबला असेल, तर उशिराने केलेली शस्त्रक्रिया गेलेला ताबा परत आणेलच असं नाही.

चालताना पाऊल लुळं पडू लागलं, चप्पल पायातून निसटू लागली, तरी डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. कंबरदुखीबरोबर ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, मोठी पडझड किंवा बरेच महिने चालू असलेली स्टिरॉइडची औषधं असतील, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या.

दुसरी पायरी: ताकद तपासून लिहून ठेवा

दहा पावलं टाचांवर चाला, मग दहा चवड्यांवर. नंतर भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभं राहा आणि टाच वर उचला. दुखऱ्या पायाने किती वेळा जमतं, चांगल्या पायाने किती, हे तारखेसह लिहा. टाचांवर चालताना पाऊल खाली पडत असेल तर कमरेतल्या चौथ्या-पाचव्या मुळाकडे संशय जातो. टाच उचलता येत नसेल तर त्याखालच्या मुळाकडे. आकडा दिवसेंदिवस घसरत असेल तर दुखणं कमी झालेलं असलं तरी दाखवून घ्या. कळ थांबली आणि ताकद गेली, हा सौदा चांगला नव्हे.

तिसरी पायरी: पहिले काही दिवस

अंथरुणाला खिळून राहू नका. नेदरलँड्समधल्या १९९९ सालच्या अभ्यासात सायटिकाच्या काही रुग्णांना दोन आठवडे झोपून राहायला सांगितलं, बाकीच्यांना नेहमीचे व्यवहार चालू ठेवायला. सुधारणेत फरक पडला नाही. कळ असह्य असेल तेव्हा पाठीवर पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, किंवा कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घ्या. शेकाने बरं वाटत असेल तर जरूर घ्या. कडक फळीवर झोपण्याचा सल्ला मात्र सोडून द्या. जुन्या कंबरदुखीत मध्यम कडक गादी जास्त सोयीची ठरलेली आहे.

आयब्युप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी कमीत कमी मात्रेत, थोडेच दिवस आणि जेवणानंतर घ्यावी. मूत्रपिंड, हृदय, अल्सर यांचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सायटिकासाठी सर्रास लिहून दिली जाणारी प्रीगाबालिन २०१७ च्या चाचणीत बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त आली. ती आधीच चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका.

चौथी पायरी: कोणती दिशा मानवते ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. १९५६ मध्ये न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांचा एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या पलंगावर पालथा पडून राहिला. कंबर मागे वाकलेली, म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे अगदी नको ती स्थिती; आणि पायातलं दुखणं गेलं. त्यातून पुढे एक उपचारपद्धती उभी राहिली.

करून पाहायचं ते असं. दोन-तीन मिनिटं पालथं पडून राहा. मग कोपरांवर छाती उचला. ते सोसलं तर तळहातांवर जोर देऊन छाती वर, कंबर आणि नितंब सैल, जमिनीला टेकलेले. असं सावकाश दहा वेळा. प्रत्येक टप्प्यानंतर कळ सर्वांत खाली कुठे जाणवते ते पाहा. पोटरीतून मांडीत, मांडीतून नितंबात अशी ती वर सरकत असेल तर दिशा बरोबर आहे. कमरेतलं दुखणं त्या वेळी वाढलं तरी घाबरू नका. दिवसातून दर दोन-तीन तासांनी हेच करा. कळ खाली उतरू लागली किंवा मुंग्या वाढल्या तर लगेच थांबा.

काहींना उलटी दिशा मानवते: पाठीवर पडून एकेक गुडघा छातीशी घेणं. उतारवयात, चालल्यावर पाय जड होतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळे होतात अशांचं बहुधा असंच असतं. त्यांच्या मणक्यातली वाटच अरुंद झालेली असते. दोन्ही दिशा छळत असतील तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

आणि कृपा करून टॉवेल अडकवून सरळ पाय ताणू नका. मांडीमागचा स्नायू आखडलाय असं वाटतं, पण ओढली जाते ती आधीच चिडलेली नस. कळ जरा उतरल्यावर नस हलती ठेवायची तर खुर्चीवर बसून गुडघा सरळ करताना वर पाहा, वाकवताना खाली पाहा. दहा वेळा, हळुवार.

पाचवी पायरी: चालणं आणि वाकणं

सुरुवातीला पाच-पाच मिनिटं, दिवसातून अनेकदा चाला. पुढे आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास हे लक्ष्य. ऑस्ट्रेलियातल्या २०२४ च्या अभ्यासात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी चालण्याचा कार्यक्रम पाळणाऱ्यांना दुखणं पुन्हा उलटायला साधारण २०८ दिवस लागले, इतरांना ११२. इतका स्वस्त उपाय असूनही त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकणं टाळा. तोंड धुताना एक हात बेसिनवर टेकवा, मोजे बसून आणि पाय वर घेऊन घाला. बसून काम असेल तर अर्ध्या तासाने उठा. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा.

एमआरआय आणि शस्त्रक्रिया

सहा आठवड्यांनंतरही कळ सोसवत नसेल आणि इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल, तेव्हा एमआरआयला अर्थ. १९९४ मध्ये कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर ५२ टक्क्यांमध्ये गादी फुगलेली निघाली. अहवालातल्या शब्दांनी खचू नका. बाहेर आलेला मोठा तुकडाही शरीर बऱ्याचदा स्वतःच शोषून घेतं.

शस्त्रक्रियेने पायातली कळ लवकर थांबते, पण वर्षभरानंतर ती केलेले आणि थांबून पाहिलेले जवळपास सारखेच असतात, असं २००७ मध्ये दिसून आलं. नुसत्या कंबरदुखीसाठी तिचा फारसा भरवसा नाही.

तीन महिन्यांहून जुनं दुखणं असेल तर दुखतंय म्हणजे आत काही मोडतंय असं समजू नका. अशा वेळी नसा अतिसावध झालेल्या असतात. झोप बिघडली, ताण वाढला की दुखणंही वाढतं. चांगल्या दिवशी सगळी कामं उरकून टाकू नका आणि वाईट दिवशी पूर्ण झोपून राहू नका, दोन्ही दिवशी थोडं थोडं चाला.

सायटिकात सर्वांत शेवटी जातो तो बधिरपणा. कळ काही आठवड्यांत गेली तरी करंगळीकडची कड किंवा पावलाचा वरचा भाग कित्येक महिने सुन्न राहू शकतो. टाच उचलण्याचा आकडा वाढतोय आणि बधिर भाग पसरत नाही, तोवर व्यायाम चालू ठेवा.